भूकंपाची तारीख सांगता येत नाही, मग प्राध्यापक हवेत कशाला?

चिपळूण-रत्नागिरीकडच्या गटांत एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं: भूकंप कधी होणार हे ज्यांना सांगता येत नाही, ते भूकंप अभियांत्रिकीचे प्राध्यापक पगार कसला घेतात? जन्म वर्गात शिकवण्यात जातो. कोकणाला त्यांची गरजही नाही. खाली कातळ, वर जांभा, 1967 साली कोयना हादरली तरी आजोबांचं घर जागेवर. भूकंपाचे बांधकाम-नियम मुंबईच्या टॉवरना लागतात.

भाकिताचं आधी उरकू. ते या विषयाचं कामच नव्हे. आणि तारीख कळली तरी घर खांद्यावर घेऊन पळणार का? ते पडू नये, एवढंच हे लोक बघतात.

वर्गातल्या जन्माचं म्हणाल, तर रुरकी विद्यापीठाचे (आजची आयआयटी) प्राध्यापक डॉ. जय कृष्ण घ्या. 1960 मध्ये त्यांनी तिथे भूकंप अभियांत्रिकीची स्वतंत्र संस्था उभी केली. 1962 मध्ये भूकंपात टिकेल अशा बांधकामाचं देशाचं पहिलं मानक, आयएस 1893, आलं, त्यातही त्यांचा मोठा हात. मग 11 डिसेंबर 1967 ची पहाट. कोयना धरणाच्या आराखड्यात आडवा धक्का धरला होता गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के. धरणातल्या यंत्रावर उमटला गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा. धरण टिकलं, पण त्याच्या भिंतीचा उतार जिथे बदलतो तिथे तडे गेले. त्या नोंदीचं विश्लेषण जय कृष्ण आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये छापलं. देशाच्या भूकंप-क्षेत्रांच्या 1970 च्या सुधारित नकाशात कोयना परिसर जास्त धोक्याच्या चौथ्या क्षेत्रात गेला. ज्या पाण्यावर कोकणातल्या पोफळीची वीज चालते, ते हेच धरण अडवतं. कोकणाला काही मिळालं नाही, ते कसं?

आता आजोबांचं घर. भूकंपाचं केंद्र घाटापलीकडे होतं, हे एक. दुसरं, त्या घराला लाकडी वासे आणि कौलं होती, म्हणजे छप्पर हलकं. आज त्याच जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतींवर स्लॅब चढतो. चिरा वजन मजेत पेलतो. ओढ मात्र त्याला सोसत नाही, कोपरे उघडतात. कुठल्याही चालू बांधकामावर जाऊन बघा, लिंटल, म्हणजे दार-खिडकीवरची काँक्रीटची तुळई, तेवढ्यापुरतंच टाकून सोडलेलं असतं. ते सगळ्या भिंतींवरून, आतल्यासुद्धा, अखंड पट्ट्यासारखं फिरायला हवं: साध्या खोलीला निदान 75 मिलिमीटर जाडी, आत दोन सळया, कोपऱ्यात वळवून पुढे नेलेल्या. हे सांगणारेही रुरकीचेच प्राध्यापक, आनंद स्वरूप आर्य. इंजिनिअर न बघता बांधल्या जाणाऱ्या घरांसाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका 1986 मध्ये आली ती त्यांच्या नेतृत्वाखाली. टॉवरचा त्यात संबंधच नाही.

कातळही फक्त सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवर. चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीकाठच्या गाळावर आहे, आणि गाळात हादरा वाढतो. तिथे खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर तीन-चार मजले अशा इमारती उठल्यात. 2001 च्या भूज भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर लांबच्या अहमदाबादेत अशाच इमारती खाली बसल्या होत्या.

फॉरवर्डवाल्याचा एक राग मात्र खरा धरतो: यातलं गवंड्यापर्यंत फारसं पोचत नाही. पण पोचलं तरी, स्लॅबच्या हिशेबाला बसल्यावर फालतू खर्च म्हणून पहिला कापतात तो हाच लिंटलचा पट्टा. आणि कापणारा बहुतेक वेळा घरमालकच असतो.