‘तुरुंग’ ऑस्ट्रेलिया, पण कोठड्या कुठे होत्या?

भारत-ऑस्ट्रेलिया मालिका आली की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘ब्रिटिशांनी आपले खुनी-दरोडेखोर ऑस्ट्रेलियात नेऊन डांबले. ते मरेपर्यंत साखळदंडात राबले, कोणी परत आलं नाही. आजचे ऑस्ट्रेलियन ही त्यांचीच अवलाद. गोऱ्यांचं अंदमानच ते!’ १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६२,००० कैदी तिकडे गेले, एवढं खरं. बाकीचं तपासून घेऊ.

‘खुनी-दरोडेखोर.’ खुनी माणसाला इंग्लंड सहसा फासावर लटकवत असे, जहाजाचा खर्च करत बसत नसे. गेले ते प्रामुख्याने चोर. कुणी कापड पळवलेलं, कुणी घड्याळ, कुणी मेंढी. सात वर्षांची शिक्षा सर्रास. अर्थात ‘बिचाऱ्याने पाव चोरला’ ही उलटी भाबडी गोष्टही नको, कारण अनेकांना आधी शिक्षा झालेल्या होत्या. काहींचा गुन्हा तर राजकीय होता: १८३४ मध्ये डॉर्सेटच्या टॉलपडल गावातले सहा शेतमजूर संघटनेची गुप्त शपथ घेतली म्हणून धाडले गेले. बोंबाबोंब झाल्यावर दोन वर्षांत त्यांना माफी द्यावी लागली.

‘डांबले.’ इथे फॉरवर्ड सपशेल आपटतो. सिडनीत पहिली तीसेक वर्षं सरकारी कामावरच्या बहुतेक कैद्यांना राहायला सरकारी इमारतच नव्हती. ते वस्तीत भाड्याने राहायचे, दुपारी तीनच्या सुमारास सरकारी काम संपलं की बाहेर मजुरी करून भाडं भागवायचे. १८१९ मध्ये हाइड पार्क बराक उघडली तेव्हा कुठे शेकडो जण एका छपराखाली झोळ्यांत झोपू लागले. ती बांधली फ्रान्सिस ग्रीनवेने, जो स्वतः खोटा दस्तऐवज केल्याबद्दल आलेला कैदी! १९६६ मध्ये याच ग्रीनवेचं चित्र दहा डॉलरच्या नोटेवर छापलं गेलं. बनावट कागद करणाऱ्याला नोटेवर बसवणारा देश दुसरा असेल असं वाटत नाही.

पुढे बरेचसे कैदी खासगी मालकांकडे कामाला दिले जात. मालकाने जेवण-कपडा द्यायचा, कैद्याने मेंढ्या राखायच्या, शेत नांगरायचं, घरकाम करायचं. मालक बरा निघाला तर निभावलं. वाईट निघाला तर त्याच्या एका तक्रारीवर मॅजिस्ट्रेट पन्नास फटके ठोकायचा. म्हणजे हा तुरुंग कमी, वेठबिगारी जास्त. खरे कोंडवाडे होते, पण ते मुख्यतः वसाहतीत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांसाठी: नॉरफोक बेट, मॅक्वारी हार्बर, पोर्ट आर्थर. तिथला छळ मुळीच अतिरंजित नाही.

प्रवासही असाच. १७९० च्या, कैदी नेणाऱ्या जहाजांच्या दुसऱ्या ताफ्यात सुमारे एक हजार कैद्यांपैकी २६७ वाटेतच मेले, कारण कंत्राटदाराला पैसे चढवलेल्या डोक्यांवर मिळत होते, जिवंत उतरवलेल्यांवर नाही. पुढे जहाजावर सरकारी डॉक्टरला अधिकार मिळाले आणि मृत्यू झपाट्याने घटले. हा बदल सुचवणारा विल्यम रेडफर्न हासुद्धा नौदलातल्या बंडाबद्दल आलेला कैदीच.

‘मरेपर्यंत, परत कोणी आलं नाही.’ वागणूक नीट असेल तर मुदतीआधीच ‘तिकीट ऑफ लीव्ह’ मिळे, म्हणजे नेमून दिलेल्या जिल्ह्यात स्वतःची कमाई करायची मुभा. मुदत भरली की माणूस मोकळा. परतायला मनाई नसायची, पण जहाजाचं भाडं ज्याचं त्याने काढायचं, म्हणून बहुतेक तिथेच राहिले. मेरी रीबी तेरा-चौदा वर्षांची असताना मुलाच्या वेषात घोडा चोरताना सापडली आणि १७९२ मध्ये सिडनीत उतरली. नवरा १८११ मध्ये वारला. सात मुलं, जहाजं आणि व्यापार तिने एकटीने सांभाळला आणि १८२० मध्ये मुलींना घेऊन ती इंग्लंडला गेली ती श्रीमंत बाई म्हणून. आज ती वीस डॉलरच्या नोटेवर आहे.

‘गोऱ्यांचं अंदमान.’ अंदमानात सेल्युलर जेल उभं राहिलं, एकेकाला कोठडीत ठेवायला. सिडनीत कैद्याला जमीनही मिळत असे. जेम्स रूस पहिल्या ताफ्यातला कैदी, पॅरामाटाजवळ शेतकरी झाला. ती जमीन मूळ रहिवाशांची होती, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. फॉरवर्डमध्ये ते लोक कुठेच नाहीत.

‘त्यांचीच अवलाद.’ १८५१ मध्ये सोनं सापडलं आणि दहा वर्षांत लोकसंख्या साधारण ४ लाख ३७ हजारांवरून साडेअकरा लाखांवर गेली. आले ते आपखुशीने, तिकीट काढून. साउथ ऑस्ट्रेलियाने तर शिक्षा भोगायला पाठवलेले कैदी कधी घेतलेच नाहीत. ॲडलेडकर हे आवर्जून ऐकवतात.