‘मानवाधिकार फक्त गुन्हेगारांचे’ : फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

एखादा भयंकर गुन्हा घडला की दोन दिवसांत तो मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. मानवाधिकार फक्त गुन्हेगारांचे, पीडितांना कोणी वाली नाही. ज्याने काही केलंच नाही तो कबुली कशाला देईल? थर्ड डिग्रीशिवाय कोणी खरं बोलत नाही. आणि शिक्षा कडक केली की गुन्हे थांबतात. हा मेसेज पाठवणाऱ्यांचा राग खरा असतो, म्हणून त्याला झटकून न टाकता एकेक मुद्दा घेतो.

‘मानवाधिकार फक्त गुन्हेगारांचे.’

खून, बलात्कार, दरोडा यांना शिक्षा देणारा अख्खा फौजदारी कायदा पीडितांसाठीच आहे. पोलीस, सरकारी वकील, तुरुंग ही यंत्रणा त्यासाठीच उभी केलेली आहे. मानवाधिकार त्याच्या पुढचा प्रश्न विचारतात: ही यंत्रणाच चुकली, तर तिला जाब कोण विचारणार? आरोपी तिच्या ताब्यात असतो, म्हणून त्याचं नाव जास्त ऐकू येतं. पण यंत्रणा पीडितांच्या बाबतीतही चुकते, आणि तिथेही हेच अधिकार कामी आले आहेत.

1985 साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयासमोर नेदरलँड्समधलं एक प्रकरण आलं. मानसिक अपंगत्व असलेल्या 16 वर्षांच्या मुलीवर ती राहत होती त्या संस्थेत अत्याचार झाला होता. ती स्वतः तक्रार करू शकत नव्हती आणि वडिलांनी केलेली तक्रार तिथल्या कायद्यात बसत नव्हती. त्यामुळे खटलाच उभा राहिला नाही. न्यायालयाने ठरवलं की कायद्यात अशी फट ठेवून राज्याने त्या मुलीच्याच अधिकारांचा भंग केला. 2009 मध्ये याच न्यायालयाने तुर्कस्तानला दोषी धरलं: नवऱ्याच्या हिंसेबद्दल एक स्त्री आणि तिची आई वर्षानुवर्षं पोलिसांकडे जात राहिल्या, त्यांनी दबावाखाली तक्रारी मागे घेतल्या की प्रकरणं बंद होत राहिली, आणि शेवटी त्याने आईला गोळी घातली. होंडुरासमध्ये बेपत्ता केलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने 1988 मध्येच सांगितलं होतं की गुन्हा रोखणं, त्याचा तपास करणं आणि दोषीला शिक्षा देणं हे राज्याचं कर्तव्यच आहे. पोलिसांनी तक्रार घेतली नाही, तपास गुंडाळला, तर पीडिताच्या हातात उरणारं हत्यार नेमकं तेच आहे, ज्याची हा मेसेज टिंगल करतो.

‘निर्दोष माणूस कबुली देणारच नाही.’

इथे जरा थांबू या, कारण सगळा मेसेज या एका समजुतीवर उभा आहे.

एप्रिल 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका तरुणीवर बलात्कार झाला. तिला मरणाच्या दारात सोडून देण्यात आलं होतं. पोलिसांनी 14 ते 16 वर्षांची पाच मुलं पकडली. तासन्‌तास चौकशी झाल्यावर त्यांच्यापैकी चौघांनी कॅमेऱ्यासमोर कबुली दिली. बोललो की घरी सोडतील असं वाटलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. डीएनए पाचांपैकी एकाशीही जुळत नव्हता, तरी पाचही जण दोषी ठरले. 2002 मध्ये दुसऱ्याच गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या एका कैद्याने, हे मी एकट्याने केलं, असं सांगितलं. डीएनए त्याचा होता. पाचही जणांची शिक्षा रद्द झाली.

मला सर्वांत जास्त छळते ती यातली पुढची गोष्ट. चुकीची मुलं कोठडीत होती तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा होता. त्याच उन्हाळ्यात त्याने आणखी बलात्कार केले आणि एका गरोदर स्त्रीचा खून केला. आता सांगा, त्या पाच मुलांना चौकशीच्या वेळी खरं संरक्षण मिळालं असतं, तर त्याचा फायदा फक्त आरोपींना झाला असता का?

‘थर्ड डिग्रीशिवाय खरं बाहेर येत नाही.’

बर्मिंगहॅममध्ये नोव्हेंबर 1974 मध्ये दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, 21 माणसं गेली. सहा जणांना पकडून मारहाण झाली, चौघांनी कबुलीवर सह्या केल्या, सहाही जणांना जन्मठेप झाली. त्यांनी पोलिसांवर दावा लावला, तेव्हा 1980 मध्ये अपील न्यायालयाचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी तो पुढे जाऊ दिला नाही. हे जिंकले तर पोलीस खोटं बोलले असं ठरेल आणि ते चित्र फार भयानक असेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1991 मध्ये तेच चित्र खरं ठरलं आणि सहाही जण सुटले. त्या 21 मृत्यूंसाठी दुसऱ्या कोणालाही शिक्षा झालेली नाही. मारून घेतलेल्या कबुलीने त्या 21 कुटुंबांचा न्याय कायमचा हिरावला.

मारहाण का होते, याचं सर्वांत प्रांजळ उत्तर जुनं आहे. भारताचा 1872 चा पुरावा कायदा लिहिणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी एका अनुभवी अधिकाऱ्याचं बोलणं नोंदवून ठेवलं आहे: उन्हात हिंडून पुरावे शोधण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं सोपं असतं. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरणार नाही, हे कलम त्याच कायद्यातलं. म्हणजे मारहाणीला लोक कडक तपास म्हणतात, पण तो मुळात तपासातला आळस आहे.

‘शिक्षा कडक केली की गुन्हे थांबतात.’

बेकारिया या इटालियन विचारवंताने 1764 मध्येच लिहिलं होतं की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती होणारच, याची खात्री माणसाला रोखते. नंतरच्या अभ्यासांचा कलही तिकडेच आहे. फाशीने खून कमी होतात का, यावरचे अनेक दशकांचे अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2012 मध्ये तपासले आणि धोरण ठरवताना त्यांचा आधार घेऊ नये, असं बजावलं.

मेसेजमधलं एक दुःख मात्र शंभर टक्के खरं आहे. खटल्यात पीडित केवळ साक्षीदार होऊन राहतो. तारीख कधी, आरोपीला जामीन झाला का, प्रकरण कुठवर आलं, हे त्याला कोणी सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 29 नोव्हेंबर 1985 रोजी पीडितांसाठी जाहीरनामाच काढला. माहिती मिळणं, म्हणणं ऐकलं जाणं, धमक्यांपासून संरक्षण, भरपाई, वैद्यकीय आणि मानसिक मदत हे सगळं त्यात आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यातून उभं राहिलं, त्या 1998 च्या रोम कायद्याने तर त्या न्यायालयात पीडितांना आपलं म्हणणं मांडण्याचा आणि भरपाईचा मार्ग खुला केला. पीडितांच्या नावाने फिरणाऱ्या त्या मेसेजमध्ये यातली एकही मागणी मला सापडली नाही.