महिन्याभरात दाट केस?

कांद्याचा रस आणि रोझमेरी तेल लावून ‘महिन्याभरात दाट केस’ मिळतात असं सांगणारा हा लेख वाचायला छान आहे, पण ते काही पटलं नाही. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, मग एवढ्यात दाटपणा दिसणार कुठून? रोझमेरीची २ टक्के मिनॉक्सिडिलशी (केसगळतीवर डोक्याला लावायचं औषध) तुलना करणारा अभ्यास २०१५ साली आला होता. त्यातही तीन महिन्यांनी दोन्हींपैकी कुठल्याच गटात केस विशेष वाढले नव्हते, वाढ दिसली ती दोन्हींत सहा महिन्यांनी.

लेखात न आलेली गोष्ट म्हणजे गळतीचं कारण बऱ्याचदा जुनं असतं. जोराचा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा झटपट वजन उतरवायचं डाएट झालं की केस लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात. तोवर आजारपण विसरलेलं असतं, मग खापर फुटतं शाम्पूवर. अशी गळती बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबते आणि श्रेय घेऊन जातं तेव्हा चोळत असलेलं तेल! लांबलीच, तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

तेल अगदीच निरुपयोगी नाही. खोबरेल तेल लावलं की धुताना केसांतल्या प्रथिनांची झीज कमी होते, केस कमी तुटतात. नवीन मुळं मात्र त्याने उगवत नाहीत. रोज घट्ट बांधलेली वेणी किंवा अंबाडा सैल करणं हा फुकटातला उपाय, तो कुणी सांगत नाही.

आणि केसांसाठी बायोटिनच्या (एक ब-जीवनसत्त्व) गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा, थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.