‘तपासणीचं पान खोटं बोलतं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपमध्ये एमसाइनर (जीएसटी पोर्टलवर डिजिटल सही करायला लागणारा प्रोग्राम) टाकलेला असूनही आमच्या वेबसाईटवरचं तपासणीचं पान ‘एमसाइनर मिळाला नाही’ म्हणतं, आणि गिऱ्हाइकाला आमच्या सीताबर्डीच्या दुकानात चकरा मारायला लावायचा हा धंदा आहे. २० तारीख तोंडावर, जीएसटीच्या थ्रीबी रिटर्नवर कंपनीची डिजिटल सही बाकी, वैताग येणारच. पण आरोप मान्य नाही.

कॉम्प्युटरमध्ये काय काय इन्स्टॉल आहे, हे कुठल्याही वेबसाईटला आत डोकावून पाहता येत नाही. ब्राउझर पाहू देत नाही आणि देऊही नये. नाहीतर तुम्ही उघडलेली प्रत्येक साईट तुमचं अकाउंटिंग, अँटिव्हायरस, सगळं टिपून घेईल. ॲप उघडणाऱ्या खास लिंकांच्या आडमार्गाने हे ओळखता येतं, असं २०२१ मध्ये संशोधकांनी क्रोम, फायरफॉक्स, सफारीवर दाखवून दिलं होतं. असले आडमार्ग आम्ही वापरणार नाही. पूर्वी सहीचे जावा प्लगिन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) पानातच चालायचे, तेही क्रोमने २०१५ मध्ये बंद केले.

म्हणून एमसाइनर तुमच्याच मशीनवर, १२७.०.०.१ या पत्त्यावर, १५८५ पोर्टवर, म्हणजे त्या नंबरच्या दारावर, चालतो. आमचं पान तिथे फक्त दार ठोठावतं. आतून ओ आली तर ठीक. नाही आली, तर प्रोग्राम नाहीच, की बंद आहे, की ब्राउझरने अडवलंय, हे पानाला कळायला मार्ग नसतो.

तुम्ही टाकलेल्या फोटोत डेस्कटॉपवर एमसाइनरचा आयकॉन आहे, पण खाली घड्याळाशेजारी तो दिसत नाही. म्हणजे बहुतेक इन्स्टॉल आहे, सुरू नाही. आयकॉनवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. नव्या क्रोमने लोकल नेटवर्कची परवानगी विचारली तर ‘अलाउ’ दाबा. तरी नाही झालं, तर वरचा १२७.०.०.१ हा पत्ता पोर्टसकट, पुढे एचटीटीपीएस लावून ब्राउझरमध्ये उघडा, इशारा आला तर ‘ॲडव्हान्स्ड’मधून पुढे जा. हे फक्त या पत्त्यापुरतं. दुसऱ्या साईटवर असा इशारा आला तर तिथून परत फिरा.

दुकानात यायची गरज नाही. सहीचं सर्टिफिकेट आमच्याकडून घेतलंय, तर फोनवर मदतीचे पैसे लागत नाहीत. सहीच्या यूएसबी टोकनचा पिन मात्र फोनवर कोणालाही सांगू नका, आम्हालाही नाही.