आपला पासवर्ड कमकुवत आहे

मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलो तेव्हा साडेआठ वाजले होते. दहा मिनिटांचं काम, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. लॉगिन केलं आणि संदेश आला, "आपल्या पासवर्डची मुदत संपली आहे." दर नव्वद दिवसांनी म्हणे तो नासतो.

नवा टाकला. खाली लाल अक्षरांत, 'कमकुवत'. एक मोठं अक्षर हवं. घातलं. आकडा हवा. घातला. विशेष चिन्ह हवं. उद्गारचिन्ह टाकलं, मनःस्थितीला तेच शोभत होतं. तर ते चिन्ह चालत नाही! @ टाकल्यावर पट्टी एकदाची हिरवी झाली आणि वर उमटलं, "हा पासवर्ड आपण यापूर्वी वापरला आहे." मला न आठवणारी गोष्ट त्याला बरी आठवते.

"अजून दारातच का?" बायकोने जाता जाता विचारलं.

हे नियम आले कुठून म्हणून शोधलं (अर्ज सोडून बाकी सगळं करायला मला वेळ असतो). अमेरिकेतल्या 'निस्ट' या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर नावाचे गृहस्थ होते. चिन्हं घाला, आकडे घाला, सारखा बदला, हा सल्ला त्यांनी 2003 साली लिहिला. 2017 मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं जाहीर सांगून टाकलं. का, तर सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा तेवढा एकाने वाढवतो. निस्टनेही त्याच वर्षी आपली भूमिका बदलली: लांबी महत्त्वाची, आणि चोरीचा संशय नसेल तर उगाच बदलायला लावू नका. बातमी आमच्या पोर्टलपर्यंत अजून पोचायची आहे.

"बाबा, शेवटचा आकडा एकाने वाढवा ना," मुलगी म्हणाली. बरसाहेबांना हिनेच रडवलं असणार.

वाढवला. चालला! आता ओटीपी. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. धावत जाऊन आणला, चष्मा शोधला, सहा आकडे टाकले. "वेळ संपली." पुन्हा लॉगिन. अर्ज जमा झाला तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि पासवर्ड मी शहाण्यासारखा डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. लिहून ठेवू नये म्हणतात. पण 1962 साली एमआयटीत एका संशोधकाला संगणकाचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली होती. त्यापुढे माझी डायरी म्हणजे तिजोरी.

सकाळी पोर्टलवरून निरोप: फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा जोडा. डायरी उघडली. चार पासवर्ड खोडलेले, पाचवा शाबूत. फक्त त्यात मधे आहे तो शून्य की ओ, हे माझं मलाच लागेना. शून्य टाकून पाहिला.

"आता दोन प्रयत्न शिल्लक."