‘मास्तरकी धरली’ म्हणणाऱ्या वाचकास

व्हायोलिनवादक आणि ऑर्केस्ट्राचे कंडक्टर (वादकांना हाताच्या खुणांनी चालवणारे) मेहली मेहता यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक बेळगावकर’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचं मुख्य वाक्य देतो : ‘अरे बाबा, वाजवून जमलं नाही म्हणून युनिव्हर्सिटीत मास्तरकी धरली आणि पोरांसमोर काडी फिरवत बसला, यात करियर कसलं?’ याशिवाय लेख लांब आहे, परक्यांचं कौतुक पुरे, आपल्या मातीतल्या गवयांवर लिहा, आणि मुलगा झुबिन (तोही कंडक्टर) नसता तर या माणसाला कुणी ओळखलं नसतं, असंही म्हटलं आहे.

लेख लांब झाला, हे मान्य. मँचेस्टरचा भाग थोडक्यात आटोपता आला असता.

पण ही ‘अरे बाबा’ काय भाषा आहे? आपली ओळख नाही, माझं वय तुम्हाला माहीत नाही. शहापूर असो, अनगोळ असो की खानापूर, आपल्या भागात अनोळखी माणसाशी कुणी असं बोलत नाही. भांडायचं असलं तरी आधी ‘बसा’ म्हणतात. माझं एक वेळ सोडा. 1908 साली जन्मलेल्या, चौऱ्याण्णव वर्षं जगून गेलेल्या माणसाला तुम्ही ‘बसला’ म्हणता? मतभेद जरूर असावा, पण नाव झाकून एकेरीवर येणं म्हणजे मतभेद नव्हे. हे मला लागलं, आणि ते लपवायचं काही कारण नाही.

आता ते वाक्य. ‘वाजवून जमलं नाही’ हे कुठून काढलंत? लेखात सगळं होतं, पुन्हा लिहितो. मुंबईत 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा त्यांनी उभा केला. पुढे महायुद्ध संपल्यावर, संसार मुंबईत ठेवून, व्हायोलिनचे शिक्षक इव्हान गॅलामियन यांच्याकडे शिकायला न्यूयॉर्कला गेले. स्वतःचा ऑर्केस्ट्रा असलेला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन बसतो, याची किंमत ज्याने वाद्य हातात धरलंय त्याला कळेल. मग मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात, कंडक्टर सर जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली व्हायोलिन. त्यानंतर फिलाडेल्फियात कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दुसरं व्हायोलिन. चार माणसांच्या त्या मेळात लपायला जागा नसते. एक स्वर हलला तर सगळ्या सभागृहाला कळतं. याला वाजवून न जमणं म्हणत असाल तर जमणं कशाला म्हणता?

1964 साली ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ऑर्केस्ट्रा विभागाचे प्रमुख झाले. वय पंचावन्नच्या पुढे. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनचे कागद जमवायला लागतो. त्याच वर्षी त्यांनी तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिंफनी काढली आणि नव्वदीपर्यंत, 33 वर्षं चालवली. ही ‘धरलेली’ नोकरी नव्हे. आयुष्यभर जे कमावलं ते पोरांच्या हाती द्यायला ते तिथे उभे राहिले.

आणि ती ‘काडी’. कंडक्टरच्या समोरच्या पानावर एकाखाली एक वीस-वीस ओळी असतात, प्रत्येक वाद्याची वेगळी. क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर सी हा स्वर लिहिलेला असतो आणि ऐकू येतो बी-फ्लॅट हा वेगळाच स्वर. हॉर्नच्या कागदावरचा तोच सी ऐकू येतो एफ. हे सगळं डोळ्यांनी वाचता वाचता डोक्यात खऱ्या स्वरात ऐकावं लागतं. पहिला स्वर निघायच्या आधी हाताची जी उचल असते, तिच्यातच लय आणि जोर दोन्ही सांगावे लागतात. ठोका पडल्यावर सांगून उपयोग नाही. कितीतरी वेळ गप्प बसलेल्या ट्रम्पेटवाल्याला नेमक्या क्षणी नजर द्यावी लागते. व्हायोलिनच्या अख्ख्या फळीचा गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जायला हवा, नाहीतर वाक्याचा श्वास तुटतो. हे मैफलीत होत नाही, तालमीत होतं. मुरलेल्या वादकांना खूण पुरते. विद्यार्थ्यांना गज इथे का उचलायचा हे सांगावं लागतं, करून दाखवावं लागतं, पुन्हा सांगावं लागतं. म्हणून विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा उभा करणं मला व्यावसायिक ऑर्केस्ट्रापेक्षा अवघड वाटतं. शिकवणं आणि कंडक्ट करणं ही तिथे दोन कामं उरतच नाहीत.

हे मी पुस्तक वाचून बोलत नाही. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी संगीत शिकवत आलो. व्हायोलिन स्वतः शिकलो टिळकवाडीत, सायकल मारत जाऊन. स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी वृंदवादन बसवायचो : बासऱ्या, पेट्या, दोन-तीन व्हायोलिनं, तबला. घरी मराठी बोलणारी, कानडी बोलणारी, कोकणी बोलणारी पोरं एका सतरंजीवर. देस रागातली साधी धून. एकेकट्याचं ऐकलं तर सुरेख. एकत्र बसवली की दुसऱ्या आवर्तनालाच बासऱ्या पळायच्या, पेटी मागे राहायची आणि तबलेवाला कुणाला धरू म्हणून माझ्याकडे बघायचा. कारण पोरगं स्वतःचं ऐकतं, शेजाऱ्याचं ऐकत नाही. शेजाऱ्याचं ऐकायला शिकवण्यात महिने जातात. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाबाहेरून पाहिलं आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, हातवारे करायला वेगळा पिरियड कशाला, गणिताला द्या. पिरियड गेला. तुमचं वाक्य वाचल्यावर तेच साहेब डोळ्यांसमोर उभे राहिले. तेव्हा मी गप्प बसलो होतो, आता बसणार नाही.

आपल्या मातीचं म्हणाल तर गंगूबाई हंगल धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात मानद प्राध्यापक होत्या. त्यांनीही गाऊन जमलं नाही म्हणून मास्तरकी धरली, असं लिहायची तुमची छाती आहे का? विष्णू दिगंबर पलुसकर इथून जवळच्या कुरुंदवाडचे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि 1901 मध्ये लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय उघडलं. शिकवणाऱ्याला कमी लेखणं ही आपल्या मातीची रीत नाही, साहेब. ती कुठून आणलीत ते तुम्हीच सांगा.

सुळेभावीच्या कुमार गंधर्वांवर मी आधी लिहिलं आहे, शोधून वाचा. मेहली मेहताही परके नव्हते, मुंबईचे पारशी होते.

झुबिनच्या मुद्द्याला एवढंच उत्तर : बॉम्बे सिंफनी 1935 ची, झुबिन यांचा जन्म 1936 चा. मुलाने नाव मोठं केलं हे खरं, पण त्या मुलाचे पहिले शिक्षक वडीलच.

प्रतिक्रिया काढून टाकणार नाही, ती इथेच राहील. पुढचा लेख हान्स स्वारोव्स्कींवर आहे. व्हिएन्नात झुबिन मेहता आणि क्लाउदिओ अब्बादो हे दोघेही कंडक्टर त्यांच्या हाताखाली घडले, म्हणजे तेही मास्तरच. लेख आजच्यापेक्षा लांब होईल.