‘ओतलं की द्रव’? मग रव्याचं काय?

नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मुलांसाठी एक रंगीत तक्ता फिरतोय: कडक ते स्थायू, ओतता येतं ते द्रव, दिसत नाही तो वायू. पाठ करायला सोपा आहे, पण तिन्ही ओळी फसव्या आहेत.

‘कडक ते स्थायू’ला कापूस आणि स्पंज पुरेसे आहेत. दोन्ही मऊ, दोन्ही स्थायू.

‘ओतता येतं ते द्रव’ जास्त घातक, कारण ते पटतं. रवा, साखर, गोदाकाठची वाळू, सगळंच ओतता येतं. पण रवा ताटात ओतला की ढीग होतो, पाणी मात्र पसरून सपाट होतं. रव्याचा एकच दाणा भिंगाखाली धरा. डब्यात असो की वाटीत, त्याचा आकार बदलत नाही. ओतले जातात ते असे हजारो स्थायू दाणे. विचारायचं ते हे: आकार आणि आकारमान दोन्ही स्वतःचं असेल तर स्थायू, आकारमान स्वतःचं पण आकार भांड्याचा असेल तर द्रव, दोन्हींपैकी काहीच ठरलेलं नसेल तर वायू. दही कुठे बसवायचं, असं एखाद्या पोराने विचारलं तर त्याला गप्प करू नका. दह्यात प्रथिनांच्या जाळ्यात पाणी अडकलेलं असतं, ते एका रकान्यात मावत नाही.

तिसरी ओळ स्वतःच्याच चित्राशी भांडते. ‘दिसत नाही तो वायू’ म्हणायचं आणि खाली चहाच्या कपावरची पांढरी वाफ काढायची! ते पांढरं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, हिवाळ्यात गोदावरीवर उतरणाऱ्या धुक्यासारखे. खरी वाफ दिसत नाही. उकळत्या किटलीच्या तोटीला लागून जो रिकामा भाग वाटतो, तिथे ती असते. उलट क्लोरीन वायू असून हिरवट-पिवळा दिसतो.

तक्त्यात सिलिंडरही वायूत टाकलाय. त्या १४.२ किलोंतला बहुतेक गॅस दाबामुळे द्रव झालेला असतो, शेगडीपर्यंत येतो तो वायू होऊन.

आणि खोबरेल? साधारण २४ अंशांखाली ते थिजू लागतं. निफाडच्या थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते, हे आपल्या पोरांना कुणी सांगायला नको. तक्ता करायचाच तर वर ‘किती तापमानाला?’ असं लिहा आणि खोबरेलची बाटली दोन रकान्यांमधल्या रेषेवरच काढा.